झोन आला म्हणजे बॅक्टेरिओसिन सापडलं का?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: आंबवलेल्या भाज्यांतून आणि माशांच्या आतड्यांतून तुम्ही लॅक्टिक अ‍ॅसिड जिवाणू वेगळे केले, एमआरएस ब्रॉथ या पोषक द्रवात रात्रभर वाढवले, सेंट्रिफ्यूज करून वरचं द्रव अगारच्या थरात पाडलेल्या भोकांत (वेलमध्ये) घातलं आणि इ. कोलाय, स्टॅफिलोकॉकस ऑरियस आणि लिस्टेरिया या तिघांवरही १४ ते १८ मिलिमीटरचे झोन, म्हणजे जिवाणू न उगवलेली स्वच्छ वर्तुळं, आले. आता प्रबंधात ‘बॅक्टेरिओसिन तयार करणारे स्ट्रेन’ असं लिहिता येईल का? (बॅक्टेरिओसिन म्हणजे जिवाणूने दुसऱ्या जिवाणूंना मारायला किंवा रोखायला बनवलेलं प्रथिन किंवा पेप्टाइड, म्हणजे छोटं प्रथिन. स्ट्रेन म्हणजे एकाच प्रजातीतला वेगळा वाण.) माशातले स्ट्रेन सरस की आंबवलेल्या पदार्थांतले? आणि मासे टिकवायला यांचा उपयोग होईल का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण बाकीची दोन्ही त्यावर अवलंबून आहेत. आत्ता तसं लिहिता येणार नाही. तुमच्या हातात जे आहे त्यावरून इतकंच सिद्ध होतं की या जिवाणूंच्या द्रवात इतरांना वाढू न देणारं काहीतरी आहे. ते काहीतरी बहुतेक वेळा आम्ल असतं. तिन्ही जिवाणूंवर साधारण सारख्याच आकाराचे झोन आले, त्यात इ. कोलायही आहे, यावरून माझा संशय आणखी बळावतो. बॅक्टेरिओसिनं सहसा इतकी सरसकट वागत नाहीत.

पण म्हणून हिरमुसू नका. आम्ल निघालं तर काम वाया गेलं, असा एक समज प्रयोगशाळांमध्ये उगाच पसरला आहे. आंबवलेलं अन्न माणसाने हजारो वर्षं निर्धास्त खाल्लं ते मुख्यतः आम्लाच्याच जोरावर. तेव्हा आधी आम्ल नीट समजून घेऊ.

लॅक्टिक आम्लाचा पीकेए, म्हणजे ज्या पीएचला आम्ल निम्मं विघटित असतं तो आकडा, ३.८६ आणि अ‍ॅसिटिकचा ४.७६. आम्लाचा जो भाग विघटित झालेला नसतो, म्हणजे ज्यावर विद्युतभार नसतो, तोच पेशीच्या पडद्यातून आत शिरू शकतो. पेशीच्या आतला पीएच उदासीनच्या आसपास असतो. तिथे पोहोचताच आम्लाचं विघटन होतं, प्रोटॉन सुटतात, आणि ते बाहेर फेकण्यात जिवाणूची सगळी ऊर्जा खर्च होते. शिवाय आम्लाचा उरलेला, ऋणभार असलेला भाग आत साचत जातो. म्हणून नुसता पीएच मोजून भागत नाही, कुठलं आम्ल किती आहे हेही पाहावं लागतं. पीएच ४.० ला लॅक्टिक आम्लाचा सुमारे ४२ टक्के भाग अविघटित असतो, तर अ‍ॅसिटिकचा सुमारे ८५ टक्के. पीएच ६.५ वर नेलात की लॅक्टिकचा हा भाग ०.२ टक्क्यांवर येतो आणि अ‍ॅसिटिकचा दोन टक्क्यांच्याही खाली. द्रव उदासीन करून पुन्हा तपासण्यामागचा सगळा तर्क या आकड्यांत आहे.

आता एमआरएसकडे या. हे माध्यम १९६० साली द मान, रोगोसा आणि शार्प यांनी तयार केलं, त्यांच्याच आद्याक्षरांवरून त्याचं नाव पडलं. लॅक्टोबॅसिलस छान वाढावेत आणि इतरांना अडसर व्हावा यासाठी त्यात लिटरला ५ ग्रॅम सोडियम अ‍ॅसिटेट घातलेलं असतं. ताज्या माध्यमाचा पीएच ६.२ च्या आसपास असतो तोवर हे अ‍ॅसिटेट निरुपद्रवी असतं. तुमच्या जिवाणूने लिटरला २० ग्रॅम ग्लुकोज खाऊन पीएच ४ च्या खाली आणला, की तेच अ‍ॅसिटेट बव्हंशी मारक अ‍ॅसिटिक आम्ल होऊन बसतं. म्हणजे झोनमधला काही वाटा जिवाणूचा नसून बाटलीतल्या पावडरीचा असू शकतो. यासाठी एक कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीचा नमुना, कधीही सोडू नका: जिवाणू न घातलेलं एमआरएस घ्या, तुमच्या द्रवाचा जो पीएच असेल त्यावर लॅक्टिक आम्लाने आणा, आणि त्याच प्लेटवर शेजारच्या वेलमध्ये घाला. हायड्रोक्लोरिक आम्लाने आणलात तर तुलना फसते, कारण त्यात लॅक्टिक आम्ल नसतंच. या कंट्रोलचाही १५ मिलिमीटरचा झोन आला, की तुमच्या १६ मिलिमीटरमध्ये वेगळं काही उरत नाही. हा कंट्रोल नसलेले कितीतरी शोधनिबंध छापून येतात आणि मला ते मनापासून खटकतं, कारण पुढची मुलं त्यांच्यावरच इमारत उभी करतात.

आम्लाचा वाटा बाजूला काढायची पद्धत सोपी आहे, पण क्रम चुकला तर हाती आलेलं बॅक्टेरिओसिन तुम्ही स्वतःच फेकून द्याल. बरीच बॅक्टेरिओसिनं पीएच ६ च्या आसपास तयार करणाऱ्या पेशीच्याच अंगाला चिकटतात आणि पीएच २ च्या जवळ सुटी होतात. त्यामुळे पेशी असतानाच कल्चर उदासीन केलंत आणि मग सेंट्रिफ्यूज केलंत, तर माल गाळासोबत खाली बसतो. आधी पेशी काढा, मग सोडियम हायड्रॉक्साइडने ६.५ पर्यंत आणा. ७ च्या वर नेऊ नका. निसिनसारखे रेणू आम्लात छान टिकतात आणि विरघळतात, उदासीन द्रवात त्यांची दोन्हींबाबत पंचाईत होते. मग ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा. इथेही एक खाचखळगा आहे. हे पेप्टाइड लहान, धनभारित आणि पाण्यापासून अंग चोरणारे असल्यामुळे काही फिल्टरांना चिकटून बसतात. प्रथिनं कमी धरणारा फिल्टर वापरा, आणि गाळण्याआधीचं व नंतरचं द्रव एकदा तरी एकाच प्लेटवर तपासून पाहा.

उदासीन केल्यावर झोन गेला तर आम्ल. झोन लहान झाला पण राहिला, तर पुढे चला. काही जण झोन जातोय असं दिसलं की द्रव गोठवून वाळवतात आणि दहापट दाट करून पुन्हा घालतात. असं केल्याने सोडियम लॅक्टेटही दहापट दाट होतं, आणि इतक्या क्षाराने बरेचसे जिवाणू थबकतात. दाट करायचंच असेल तर अमोनियम सल्फेटने प्रथिनं साकळून घ्या आणि डायलिसिस करा, किंवा निदान तितकंच दाट केलेलं, लॅक्टेट घातलेलं, जिवाणू नसलेलं माध्यम कंट्रोल म्हणून ठेवा. डायलिसिसच्या नळीची छिद्रंही पाहून घ्या, कारण निसिन जेमतेम ३.४ किलोडाल्टनचं असतं. १२ किलोडाल्टनच्या नळीत ते भरून रात्रभर ठेवलंत, तर सकाळी बरंचसं बाहेरच्या पाण्यात गेलेलं असायची शक्यता आहे.

दुसरा संशयित म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड. लॅक्टिक अ‍ॅसिड जिवाणूंकडे सहसा ते तोडणारं कॅटलेज हे एन्झाइम नसतं, त्यामुळे हवा मिळाली की पेरॉक्साइड साचू शकतं. द्रवात कॅटलेज घालून ठेवा, झोन कमी होतो का पाहा. कल्चर हलवत न वाढवता गच्च भरलेल्या नळीत स्थिर वाढवलं, तरी फरक कळतो.

यानंतर खरी परीक्षा, ती प्रोटीएजची. बॅक्टेरिओसिन हे पेप्टाइड किंवा प्रथिन असतं, म्हणून प्रथिनं तोडणाऱ्या एन्झाइमने ते निकामी झालंच पाहिजे. हे नळीत करता येतं, पण मला प्लेटवरची पद्धत जास्त आवडते, कारण ती डोळ्यांना थेट पटते. मऊ अगारमध्ये, म्हणजे साधारण ०.७५ टक्क्यांच्या, लिस्टेरिया इनॉकुआ (माणसाला सहसा आजार न देणारी लिस्टेरियाची प्रजाती) मिसळून प्लेट ओता. मध्ये वेल करा आणि त्यात उदासीन केलेलं द्रव घाला. वेलच्या कडेपासून काही मिलिमीटरवर प्रोटिनेज के या प्रथिनं तोडणाऱ्या एन्झाइमचा एक थेंब ठेवा. प्लेट दोन-तीन तास फ्रिजमध्ये ठेवली तर इंडिकेटर, म्हणजे ज्याच्यावर परिणाम तपासायचा तो जिवाणू, वाढायच्या आत दोन्ही नीट पसरतात. मग इनक्युबेटरमध्ये घाला. दुसऱ्या दिवशी झोन पूर्ण गोल न दिसता एन्झाइमच्या बाजूने आत दबलेला, मूत्रपिंडाच्या आकाराचा दिसला, आणि त्या खोलगट जागेत लिस्टेरिया दाट उगवलेला असला, तर मारणारा पदार्थ प्रथिनाच्या जातीचा आहे. नुसत्या बफरचा थेंब दुसऱ्या बाजूला ठेवायला विसरू नका. एकाच एन्झाइमवर विसंबू नका: निसिन कायमोट्रिप्सिनने निकामी होतं, पण ट्रिप्सिनला बरंच दाद देत नाही.

एक शक्यता फार कमी जण तपासतात, ती फाजची. द्रवात जिवाणूभक्षक विषाणू असला तरी इंडिकेटरवर स्वच्छ डाग पडतो. द्रव दुप्पट-दुप्पट पातळ करत थेंब टाका. बॅक्टेरिओसिन असेल तर झोन हळूहळू धूसर होत नाहीसा होतो. फाज असेल तर पातळ केलेल्या थेंबात सुटे सुटे गोल ठिपके उमटतात.

हेच पातळ करण्याचं काम मोजमापासाठीही उपयोगी पडतं. तुम्ही झोनचे मिलिमीटर देऊन स्ट्रेनची क्रमवारी लावली आहे, ती काढून टाका. झोनचा व्यास पदार्थ किती मारक आहे यावर जितका ठरतो तितकाच रेणू केवढा, अगार किती जाड आणि घट्ट, इंडिकेटर किती दाट पेरला यावर ठरतो. मोठा रेणू अगारमध्ये जेमतेम सरकतो. प्रतिजैविकाच्या डिस्कच्या झोनशी तुलना करणं तर पूर्णच गैर. त्याऐवजी ज्या शेवटच्या पातळ द्रवाने स्पष्ट झोन दिला तो धरून प्रति मिलिलिटर आर्बिट्ररी युनिट काढा. समजा ५० मायक्रोलिटर घातले आणि ६४ पट पातळ केलेल्यापर्यंत झोन आला, तर ६४ ला १००० ने गुणून ५० ने भागा: १२८० युनिट. हा आकडाही त्या इंडिकेटरपुरताच खरा असतो, म्हणून इंडिकेटरचा स्ट्रेन नेमका लिहा.

आता इ. कोलायचा मुद्दा. निसिनचं काम कसं चालतं ते पाहिलं की तो आपोआप सुटतो. १९२८ साली अमेरिकेत रॉजर्स यांनी पाहिलं की दुधातले काही जिवाणू दुसऱ्यांची वाढ रोखतात. १९४७ मध्ये इंग्लंडमध्ये मॅटिक आणि हर्श यांनी त्या पदार्थाला निसिन नाव दिलं. हे ३४ अमिनो आम्लांचं पेप्टाइड आहे, लॅक्टोकॉकस लॅक्टिस ते बनवतो. ते लिपिड-टू या रेणूला घट्ट धरतं. पेशीभित्तिका बांधायच्या विटा वाहून नेणारा हाच रेणू. त्यामुळे एकीकडे बांधकाम बंद पडतं आणि दुसरीकडे त्याच लिपिड-टूच्या आधाराने पडद्याला भोकं पडतात. इतक्या नेमक्या हल्ल्यामुळे अगदी थोडी मात्रा पुरते. परंतु लिपिड-टू असतं आतल्या पडद्यात, आणि इ. कोलाय, साल्मोनेला, व्हिब्रिओ यांसारख्या ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंना त्याबाहेर आणखी एक पडदा असतो. निसिन तिथेच अडतं. ईडीटीए हे धातू पकडून ठेवणारं रसायन घालून बाहेरच्या पडद्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून घेतलं, किंवा गोठवून-वितळवून त्या पडद्याला इजा केली, तरच वाट मिळते. म्हणून उदासीन केलेल्या, नुसत्या द्रवाचा इ. कोलायवर ठसठशीत झोन दिसला की मी आधी आम्ल उरलंय का, क्षार जास्त झालाय का ते पाहते.

आम्लही नाही, पेरॉक्साइडही नाही आणि प्रथिनही नाही असं निघालं, तरी शोध संपत नाही. लिमोसिलॅक्टोबॅसिलस रॉयटेरी ग्लिसरॉल दिलं की रॉयटेरिन बनवतो. हे ३-हायड्रॉक्सिप्रोपिओनाल्डिहाइड आहे आणि ते ग्रॅम-निगेटिव्हनाही सोडत नाही. काही स्ट्रेन फिनाइल-लॅक्टिक आम्ल बनवतात, त्याने बुरशी आटोक्यात राहते. आणि काही वेळा कुठलाच मारक पदार्थ नसतो, फक्त भुकेचं राजकारण असतं. बरेच लॅक्टिक अ‍ॅसिड जिवाणू मँगेनीज प्रचंड प्रमाणात आत ओढून घेतात. लॅक्टिप्लँटिबॅसिलस प्लँटारमकडे ऑक्सिजनच्या घातक रूपांपासून वाचवणारं सुपरऑक्साइड डिसम्युटेज नसतं, त्याचं काम तो साठवलेल्या मँगेनीजवर भागवतो. दह्यासारख्या दुग्धजन्य पदार्थांत बुरशी न येण्यामागे मँगेनीज संपवून टाकणं हे मोठं कारण असू शकतं, हे २०२० मध्ये प्रयोगाने दाखवलं गेलं. पेशी काढून टाकलेल्या द्रवाच्या चाचणीत अशी स्पर्धा दिसायची शक्यता कमीच. त्यासाठी दोन्ही जिवाणू एकत्र वाढवून मोजावे लागतात.

तुमचा दुसरा प्रश्न: माशातले की आंबवलेल्या पदार्थांतले? माझं मत स्पष्ट आहे. ज्या अन्नात काम करवून घ्यायचं, त्याच परिस्थितीत रुळलेला स्ट्रेन घ्यावा. भाजी आंबवणारा प्लँटारम ३० अंशांना, भरपूर साखरेत, झपाट्याने आम्ल करतो. त्याला ४ अंशांवरच्या माशाच्या तुकड्यावर टाकलंत तर तो बहुतेक गप्प पडून राहील, आणि न वाढणारा जिवाणू बॅक्टेरिओसिनही फारसं बनवत नाही. थंडीत वाढणारे लॅक्टिक अ‍ॅसिड जिवाणू माशावर असतातच, विशेषतः कार्नोबॅक्टेरियम. पण तुम्हाला ते मिळाले नसतील, आणि त्याचं कारण पुन्हा एमआरएस. कार्नोबॅक्टेरियमला अ‍ॅसिटेट आणि कमी पीएच सोसत नाही. तुम्ही एमआरएस अगारवर ३७ अंशांना पेरलंत, म्हणजे माशाच्या खऱ्या रहिवाशांना दारातच अडवलंत आणि उष्णतेत तगणाऱ्या पाहुण्यांना आत घेतलंत. उरलेल्या नमुन्यांसाठी अ‍ॅसिटेट नसलेलं एमआरएस पीएच ८ च्या वर नेऊन वापरा, १५ ते २५ अंशांना ठेवा आणि घाई करू नका. एवढ्या बदलाने वसाहतींचं चित्र पार पालटतं.

कार्नोबॅक्टेरियमच्या वाट्याला आलेली बॅक्टेरिओसिनं बहुतांशी दुसऱ्या वर्गाच्या ‘अ’ गटातली असतात. माशापासून मिळालेल्या कार्नोबॅक्टेरियम डायव्हर्जेन्सचं डायव्हर्सिन व्ही-४१ हे त्यातलंच, आणि पेडिओकॉकसचं ४४ अमिनो आम्लांचं पेडिओसिन पीए-१ हे या गटाचं सगळ्यात अभ्यासलेलं उदाहरण. ही पेप्टाइडं लक्ष्य पेशीवरच्या मॅनोज ही साखर वाहून नेणाऱ्या यंत्रणेला पकडतात. लिस्टेरियाकडे ती यंत्रणा असते, म्हणून तो त्यांना फार लवकर बळी पडतो. तुमच्या तिन्ही झोनपैकी मला लिस्टेरियाच्या झोनबद्दल सगळ्यात जास्त उत्सुकता आहे ती यामुळे. बाकी दोघांवरचा परिणाम उदासीन केल्यावर गेला आणि लिस्टेरियावरचा टिकला, तर समजा काहीतरी मोलाचं हाती लागलंय.

यातून तिसरा प्रश्न येतो, मासे टिकवण्याचा. इथे दोन अगदी वेगळ्या परिस्थिती आहेत आणि त्यांची सरमिसळ करू नये.

एक म्हणजे मासा आंबवणं. माशाच्या मांसात कर्बोदकं फार थोडी असतात, बहुधा एक टक्क्याहून कमी. मेल्यानंतरही बहुतेक माशांत पीएच सहाच्या वरच राहतो. त्यात माशाचं मांस आम्ल शोषून पीएच पडू न देण्यात पटाईत असतं. म्हणजे जिवाणू कितीही चांगला असला तरी त्याला खायला साखर दिल्याशिवाय तो माशाला आंबट करू शकत नाही. आग्नेय आशियातल्या आंबवलेल्या माशांत शिजवलेला भात आणि लसूण घालतात त्यामागे हे रसायन आहे. लसणाला आपण जंतू रोखणारा म्हणून ओळखतो, पण तिथे त्यातलं फ्रक्टान हे काही जिवाणूंचं अन्न ठरतं आणि ते तोडू शकणारे स्ट्रेनच पुढे सरसावतात. तुमचे स्ट्रेन फ्रक्टान किंवा स्टार्च खातात का ते तपासलंत, तर झोनपेक्षा जास्त उपयोगी माहिती मिळेल.

अशा आंबवण्यात वेग हाच जीव वाचवतो. पहिल्या दोन दिवसांत पीएच ४.५ च्या खाली गेला पाहिजे. त्याला उशीर झाला तर ज्याची भीती वाटायला हवी तो जीवघेणं विष बनवणारा जिवाणू क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम. माशांशी जोडलेला त्याचा ई प्रकार ३.३ अंशांनाही वाढू शकतो, हवा नसली की त्याचं फावतं. पीएच ५ च्या खाली किंवा पाण्यातलं मीठ ५ टक्क्यांच्या वर गेलं की तो थांबतो. पण त्याच्या भावंडांना, प्रथिनं पचवणाऱ्या प्रकारांना, रोखायला पीएच ४.६ च्या खालीच न्यावा लागतो. मीठ भरमसाट घातलं तर लॅक्टिक अ‍ॅसिड जिवाणूही मंदावतात आणि पीएच पडायला वेळ लागतो, हेही लक्षात असू द्या. दोन्हींचा तोल प्रत्येक पाककृतीसाठी मोजून ठरवावा लागतो. माझी कळकळीची विनंती आहे की तुमचे स्ट्रेन घालून आंबवलेला मासा, ही मोजमापं हातात नसताना, कुणालाही चाखायला देऊ नका.

दुसरी परिस्थिती म्हणजे आंबट न करता ताजा किंवा हलका धुरवलेला मासा थंडीत जास्त दिवस सुरक्षित ठेवणं. थंड धुरात ठेवलेला, व्हॅक्युम पॅक केलेला साल्मन हे याचं नमुनेदार उदाहरण. तो न शिजवता खातात, धुराचं तापमान लिस्टेरियाला मारत नाही, आणि लिस्टेरिया फ्रिजमध्येही वाढतो. युरोपीय संघाच्या २००५ च्या नियमांनुसार अशा तयार अन्नात विक्रीयोग्य मुदतीत ग्रॅममागे १०० पर्यंत लिस्टेरिया मोनोसायटोजिनस (माणसाला आजारी पाडणारी लिस्टेरियाची प्रजाती) चालतो, पण मुदत संपेपर्यंत तो आकडा ओलांडला जाणार नाही हे उत्पादकाने दाखवून द्यावं लागतं. अमेरिकेचं धोरण याहून कडक आहे, तिथे तो अजिबात सापडता कामा नये. ग्रॅममागे १०० च्या आत ठेवणं हे थंडीत वाढणाऱ्या, चव न बिघडवणाऱ्या कार्नोबॅक्टेरियमच्या आवाक्यातलं काम आहे.

या क्षेत्रातला सगळ्यात शिकवणारा प्रयोग मला वाटतो तो बॅक्टेरिओसिन बनवण्याची क्षमता गमावलेल्या म्युटंटचा, म्हणजे जनुक बदललेल्या स्ट्रेनचा. थंड धुरवलेल्या साल्मनवर मूळ कार्नोबॅक्टेरियमने लिस्टेरियाला चांगलं रोखलं, पण त्याच्या बॅक्टेरिओसिन नसलेल्या म्युटंटनेही लिस्टेरियाची कमाल संख्या बरीच खाली ठेवली. म्हणजे परिणामाचा एक वाटा बॅक्टेरिओसिनचा आणि दुसरा वाटा निव्वळ गर्दीचा, उपलब्ध अन्न आधी संपवण्याचा. तुमच्याकडे असा म्युटंट नसेल तर त्याच प्रजातीचा, झोन न देणारा स्ट्रेन तरी शेजारी ठेवा. तो कंट्रोल नसेल तर माशावरचा परिणाम बॅक्टेरिओसिनमुळे झाला असं म्हणता येत नाही.

प्लेटवर उत्तम चालणारं बॅक्टेरिओसिन माशात बिचकतं, याचीही तयारी ठेवा. ते चरबीला चिकटतं, माशातली प्रोटीएज एन्झाइमं त्याला तोडतात, आणि घट्ट मांसात ते पसरत नाही. लिस्टेरियामध्ये मॅनोजची ती यंत्रणा बंद केलेल्या पेशी तग धरून राहतात आणि एका पेडिओसिनला न जुमानणारी पेशी सहसा त्या गटातल्या इतरांनाही जुमानत नाही. सुरुवातीला घसरलेली संख्या आठवड्याभराने पुन्हा चढू लागली तर कारण बहुधा हे. म्हणून माशावरची चाचणी दोन दिवसांत उरकू नका. अपेक्षित मुदत संपेपर्यंत ठरावीक अंतराने मोजा, आणि फ्रिज ४ अंशांवरून ८ अंशांवर गेला तर काय होतं तेही पाहा, कारण विक्रीच्या साखळीत तसं घडतंच.

आता एक गोष्ट जी तुमच्या प्रश्नात नव्हती, पण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: स्ट्रेन सुरक्षित आहे का? ‘लॅक्टिक अ‍ॅसिड जिवाणू म्हणजे चांगलेच’ हे गृहीत धरणं धोक्याचं आहे. लॅक्टोकॉकस गार्व्हिए हा याच कुळातला, तो ट्राउट आणि यलोटेल माशांना जीवघेणा आजार देतो. कार्नोबॅक्टेरियम माल्टारोमॅटिकममुळेही मासे आजारी पडल्याच्या नोंदी आहेत. एंटेरोकॉकस माशांच्या आतड्यांत हमखास सापडतात, झकास बॅक्टेरिओसिनं बनवतात, पण रुग्णालयांतल्या संसर्गांशी त्यांचा संबंध असल्यामुळे युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने त्यांना सुरक्षित गृहीत धरलेल्या जिवाणूंच्या यादीत घेतलेलं नाही.

माशाच्या बाबतीत बायोजेनिक अमाइन, म्हणजे जिवाणूंनी अमिनो आम्लांपासून बनवलेले, खाणाऱ्याला त्रास देऊ शकणारे पदार्थ, वेगळे तपासावे लागतात. ट्यूना आणि बांगड्याच्या कुळातल्या माशांत हिस्टिडीन भरपूर असतं, त्याचं हिस्टामिन झालं की ते शिजवूनही जात नाही. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकांची हिस्टामिनसाठीची मर्यादा किलोला २०० मिलिग्रॅम, फिश सॉससाठी ४००. हिस्टामिन बनवण्याचं काम बहुतेकदा मॉर्गनेलासारखे ग्रॅम-निगेटिव्ह करतात. आम्ल लवकर तयार करणारा स्ट्रेन त्यांना आवरून हिस्टामिन कमीच ठेवतो, हा आंबवण्याचा मोठा फायदा आहे. पण काही लॅक्टिक अ‍ॅसिड जिवाणू स्वतःच हिस्टामिन बनवतात, खाऱ्या सॉसमधला टेट्राजिनोकॉकस म्युरिॲटिकस त्यातलाच. कार्नोबॅक्टेरियम टायरामिन बनवतं. अमाइन बनवणाऱ्या डीकार्बॉक्सिलेज जनुकाची पीसीआर (जनुक आहे का ते दाखवणारी चाचणी) करून घ्या आणि प्रत्यक्ष माशात अमाइन मोजा.

प्रतिजैविकांना दाद न देण्याचा मुद्दा बारकाईने मांडावा लागतो. ल्युकोनोस्टॉक, पेडिओकॉकस आणि बरेच लॅक्टोबॅसिलस व्हॅन्कोमायसिनला मुळातच जुमानत नाहीत, कारण त्यांच्या पेशीभित्तिकेच्या टोकाची रचनाच वेगळी असते. ही क्षमता दुसऱ्यांकडे जात नाही, त्यामुळे तिने घाबरून जायचं कारण नाही. टेट्रासायक्लिन आणि एरिथ्रोमायसिनची जनुकं मात्र प्लास्मिड किंवा ट्रान्सपोझॉन या डीएनएच्या फिरत्या तुकड्यांवरून उड्या मारू शकतात. मत्स्यशेतीत प्रतिजैविकं वापरली जातात तिथल्या माशांतून आलेल्या स्ट्रेनमध्ये ती जरूर शोधा. डिस्क पद्धतीऐवजी आयएसओ १०९३२ प्रमाणे किमान रोधक मात्रा काढा. शक्य असेल तर संपूर्ण जीनोम वाचून घ्या, एका फटक्यात ओळख, प्रतिजैविकांची जनुकं, अमाइनची जनुकं आणि बॅक्टेरिओसिनचे समूह सगळं कळतं. बॅजेल-४ सारख्या, जीनोममध्ये बॅक्टेरिओसिनची जनुकं शोधणाऱ्या संगणकी साधनाने जनुक सापडलं म्हणून पेप्टाइड बनतंच असं नाही. प्लँटारिसिनचे, म्हणजे प्लँटारमच्या बॅक्टेरिओसिनांचे, जनुकसमूह तर पेशींची दाटी आणि सिग्नल पेप्टाइड यांवर चालतात, त्यामुळे आज झोन आणि उद्या काहीच नाही असं घडतं.

ओळखीपुरतं बोलायचं तर तुम्ही जिवाणू ओळखायला वापरतात त्या १६एस जनुकावरून ‘लॅक्टोबॅसिलस प्लँटारम’ लिहिलंय. २०२० मध्ये लॅक्टोबॅसिलस हा वंश २५ वंशांत विभागला गेला, आताचं नाव लॅक्टिप्लँटिबॅसिलस प्लँटारम. शिवाय प्लँटारम, पेंटोसस आणि पॅराप्लँटारम या तिघांना १६एस वेगळं काढू शकत नाही, त्यासाठी रेक-ए जनुकाची मल्टिप्लेक्स पीसीआर करा.

सोमवारी प्रयोगशाळेत गेलात की सगळ्यात आधी प्रत्येक स्ट्रेन ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांना ठेवून द्या. अनेक बॅक्टेरिओसिनांची जनुकं प्लास्मिडवर असतात आणि वारंवार सबकल्चर करताना ती गळून जातात. मग पीएच जुळवलेल्या एमआरएसचा कंट्रोल, मग पेशी काढून उदासीन केलेलं द्रव, मग प्रोटिनेज के ची प्लेट, आणि तिन्ही लिस्टेरिया इनॉकुआवर. एवढ्याला जास्तीत जास्त आठवडा लागेल. तोवर प्रबंधात ‘बॅक्टेरिओसिन’च्या जागी ‘पेशीविरहित द्रवाची जिवाणूरोधक क्रिया’ असं लिहा, आणि प्रोटिनेज के च्या प्लेटचा फोटो आला की मला दाखवा.